कागदाच्या तळाचा आकडा

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत एक फिटर होता. काही वर्षं कंत्राटावर काढून कायम झालेला, हाताला साफ आणि पाळी न चुकवणारा. पुण्याकडून येताना नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलं की पहिलं मोठं गाव शिरवळ. पूर्वी सुभानमंगळ या भुईकोटासाठी ओळखलं जाणारं हे गाव आता कारखान्यांच्या भोंग्यावर उठतं आणि झोपतं. फिटरचं घर तिथंच होतं. घरात आई, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. वाहन म्हणाल तर एक मोटारसायकल.

आईचे गुडघे गेले होते. महिन्यातून एक-दोनदा तिला साताऱ्याला डॉक्टरकडं न्यावं लागे. एसटीच्या पायऱ्या तिला चढवेनात, आणि साठेक किलोमीटर मोटारसायकलवर, तेही पावसात खंबाटकी घाट ओलांडून, हे तिच्या वयाला झेपणारं नव्हतं. २०२२ च्या जानेवारीत घरात बसून ठरलं की चारचाकी घ्यायची. पतपेढीत सव्वादोन लाख रुपये साठले होते.

गाडी घ्यायची म्हटलं की सल्ला द्यायला सगळं गाव येतं. बहिणीचा नवरा म्हणाला, "गाडी माणूस एकदाच घेतो. घ्यायची तर दारात उभी राहिल्यावर दिसली पाहिजे." दाजींचा शब्द मोडवेना. दोघं एका शोरूममध्ये गेले. उंच, रुंद, काळी कुळकुळीत गाडी. रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख. दोन लाख रोख आणि आठ लाख कर्ज, सात वर्षांची मुदत, नऊ टक्के व्याज. विक्रेत्यानं हप्त्याचा आकडा सांगितला, चहा मागवला आणि अर्ज पुढं ठेवला. फिटरनं अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि घरी आला.

बायको म्हणाली, "अहो, सही करायच्या आधी एकदा तात्यांना विचारा."

तात्या म्हणजे एसटीच्या पारगाव-खंडाळा आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक. हयात बसगाड्यांखाली झोपून गेलेली. फिटर त्यांच्याकडं गेला आणि गाडीचं नाव, रंग, सनरूफ सगळं सांगू लागला. तात्यांनी ऐकून घेतलं आणि नातवाच्या वहीतलं एक पान फाडून पुढं सरकवलं.

"लिही. म्हैन्याला येतं किती?"

पगार ३४,०००. बायकोचं शिवणकाम १०,०००. एकूण ४४,०००.

"जातं किती?"

किराणा, दूध, वीज, गॅस मिळून १५,०००. घराच्या कर्जाचा हप्ता ८,०००. आईची औषधं २,५००. मुलीची शाळा ३,०००. बेरीज २८,५००. उरले १५,५००.

"आता गाडीचा हप्ता वजा कर."

हप्ता होता १२,८७० रुपयांचा. पानाच्या तळाशी २,६३० उरले. पेट्रोल तेव्हा लिटरला ११० रुपयांच्या घरात होतं. मोठी गाडी घाटवाटेला लिटरमागं चौदा किलोमीटर धावली तरी साताऱ्याच्या एका फेरीचे साडेनऊशे रुपये. दोन फेऱ्या झाल्या की तळाच्या आकड्यातले सातशे-आठशे राहणार. आणेवाडीचा टोल त्यातूनच, विम्याचे वर्षाचे वीस-पंचवीस हजार त्यातूनच, आणि घरात कुणाला ताप आला तर तो खर्चही त्यातूनच. सात वर्षांत बँकेला परत जाणार होते १० लाख ८१ हजार. आठ लाखांवर पावणेतीन लाखांहून जास्त व्याज.

फिटर बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पण तात्या, नवी गाडी भरवशाची असती ना?"

तात्या म्हणाले, "आरं, गाडीचा भरवसा निम्मा गाडीत असतो आन् निम्मा घेणाऱ्याच्या खिशात. खिशात चार पैसं ऱ्हायलं तर तू टायमाला ऑइल बदलतोस, झिजल्याला टायर बदलतोस. गाडी चालती. खिसा रिकामा आसला की म्हनतोस, बगू पुढच्या म्हैन्यात. तितनंच गाडी बिघडाय लागती. पैली गाडी अशी घ्यावी की ती घेतल्यावर तिला पोसाय घरात पैसा उरला पायजे."

मी ही गोष्ट लिहायला घेतली ती या वाक्यासाठी. आपण मायलेज विचारतो, फीचर विचारतो, विकताना किती येतील तेही विचारतो. गाडी घेतल्यानंतरच्या महिन्यात घरात किती राहील हे मात्र कुणी विचारत नाही, आणि विक्रेता ते आपण होऊन सांगत नाही. ऑइल वेळेवर न बदललेलं इंजिन कोणत्याही कंपनीचं असो, आतून झिजतंच. गुळगुळीत टायर पावसाळी घाटात कुणाचीच गय करत नाही. तंगीत सापडलेला मालक याच दोन खर्चांना आधी कात्री लावतो, कारण ते पुढं ढकलले तरी त्या दिवशी काही बिघडलेलं दिसत नाही.

मग कंपनी कुठली, हा प्रश्न आलाच. तात्यांनी नाव घेतलं नाही, दोन गाड्यांची आठवण दिली. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडरचे दिवस त्यांनी पाहिले होते. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. पहिली आठवण मारुती ८०० ची. ती १९८३ च्या डिसेंबरात आली. ७९६ सीसीचं लहानसं इंजिन, पण ती तीस वर्षं, २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली आणि मध्यमवर्गाच्या कितीतरी घरांची पहिली गाडी ठरली. तात्यांच्या मते तिचं सगळ्यात मोठं बळ एकच: सुटा भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायचा आणि कुठल्याही मिस्त्रीला ती उघडता यायची. दुसरी आठवण टाटा नॅनोची. २००९ साली एक लाखाच्या मूळ किमतीत ती बाजारात आली, स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबाकडं बघून बनवलेली. तळमळ खरी होती. पण सगळ्यात स्वस्त गाडी म्हणूनच तिची ओळख झाली आणि त्या ओळखीनं लोक लांब राहिले. तिचा प्रचार तसा व्हायला नको होता, असं पुढं रतन टाटांनीही बोलून दाखवलं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. "म्हंजे बग," तात्या म्हणाले, "निस्ती स्वस्त बी नको आन् निस्ती मोठी बी नको. बंद पडली तर सांजच्याला परत उभी ऱ्हाईल का, एवढं बग."

फिटरनं शोरूमचा अर्ज परत केला. दाजी दोन आठवडे बोलले नाहीत.

आता जुनी गाडी बघायची असं ठरलं. पहिलीच समोर आली ती एका एजंटाकडची, एमएच १० म्हणजे सांगली पासिंगची डिझेल सेडान, मॉडेल २०१७. किंमत फक्त एक लाख पंच्याऐंशी हजार. म्हणजे कर्जही नको. फिटरचा जीव तिच्यात लगेच अडकला. सीटकव्हर कोरी, आत अत्तराचा घमघमाट, बाहेरून काचेसारखी पुसलेली.

सकाळी आठ वाजता तात्या तिथं पोचले. गाडीकडं न बघता त्यांनी आधी तळहात बॉनेटवर ठेवला. बॉनेट गरम होतं.

"सकाळीच कुठं जाऊन आलाव?"

"न्हाई तात्या, जरा सुरू करून ठेवली तुमच्यासाठी."

थंड इंजिन पहिल्या फटक्याला कसं सुरू होतं, सुरू होताना धूर किती आणि कसल्या रंगाचा टाकतं, हे गाडीबद्दल पुष्कळ सांगून जातं. इंजिन आधीच तापवून ठेवलं की ते कळायची वाट बंद होते. तात्या त्यावर काही बोलले नाहीत. ते चालकाच्या सीटवर बसले आणि सीटबेल्टचा पट्टा ओढू लागले. आपण रोज ओढतो तेवढा नाही. आतल्या चरकीवर एकही वेढा राहणार नाही असा, थेट शेवटापर्यंत. पट्ट्याचा रोज हाताखाली येणारा भाग धुऊन स्वच्छ केलेला होता. शेवटची वीतभर पट्टी मात्र चरकीतून बाहेर आली ती मातकट. काळा पट्टा संपून तिथं तपकिरी डाग सुरू होत होता आणि दोहोंमधली कड आखल्यासारखी सरळ होती. तात्यांनी नखानं खरवडलं. नखात बारीक गाळ आला.

मग त्यांनी सीट पुढं सरकवून खालच्या रुळाचे बोल्ट दाखवले. गंजलेले. डिकीतलं जादा चाक उचललं. त्याखालच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात तसाच वाळलेला गाळ.

"पुराची हाय," तात्या म्हणाले. "येकोनीसची नायतर येकवीसची."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या दोन पावसाळ्यांत सांगलीकरांच्या दारातल्या कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या. त्यात गाड्यांच्या मालकांचा दोष काहीच नव्हता. विमा कंपन्यांनी अशा गाड्या पूर्ण नुकसानीत काढल्या की त्या भंगाराच्या भावात विकल्या जातात, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून, नवी कव्हरं घालून पुन्हा रस्त्यावर येतात. दोष आहे तो ही माहिती दडवून विकणाऱ्याचा. पाण्यात बुडालेली गाडी सुरू होते, चालतेही. पण वायरिंगच्या जोडांत, कॉम्प्युटरच्या डब्यात, एअरबॅगच्या सेन्सरमध्ये गेलेला ओलावा महिनोन्‌महिने आतून खात राहतो. मग एक दिवस घाटात हेडलाइट जातात, आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा उरत नाही.

एजंट म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं, पाव्हणं." खरं असेलही. त्यानंही कुणाकडून तरी तशीच घेतली असेल, पट्टा न ओढता. फिटरनं हात जोडले आणि निघाला.

वाटेत तात्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार बैल घ्यायला जायचे. "दात बगायचं, खूर बगायचं, पाठीवर हात फिरवायचं. आन् येवढं करून बी पैसं द्यायच्या आदी भरल्या गाडीला जुपून चढ चढवून बगायचं. मोकळ्या गाडीला कुठला बी बैल चालतो. तुझं वझं म्हंजी तुझं घर. घर घालून गाडी चालवून बग."

तिसरी गाडी लोणंदला मिळाली. एका निवृत्त गुरुजींची वॅगन-आर, २०१६ ची, पेट्रोलची, पांढरी. ४१ हजार किलोमीटर चाललेली, एकच मालक, सर्व्हिसची वही पहिल्या पानापासून भरलेली. गुरुजींना आता डोळ्यांनी दिसेना म्हणून विकायची होती. दिसायला अगदी साधी. एका दाराला ओरखडा, डॅशबोर्ड उन्हानं फिकट झालेला. पण त्या काळी ज्या एअरबॅग आणि एबीएस जादा पैसे देऊन मागून घ्याव्या लागत, त्या गुरुजींनी मागून घेतल्या होत्या. थंड बॉनेट, पहिल्या चावीला सुरू, धूर नाही. पट्टा शेवटापर्यंत काळा.

पुढच्या रविवारी गुरुजी गाडी घेऊन शिरवळला आले, आणि फिटरचं सगळं घर तपासणीला बसलं. आधी आई. तिला खाली वाकून शिरावं लागलं नाही की पाय उचलून चढावं लागलं नाही. सीट बरोबर तिच्या मांडीच्या उंचीला होती. ती टेकली, दोन्ही पाय आत घेतले आणि म्हणाली, "ह्यात मी एकली बी बसीन." त्या काळ्या उंच गाडीत तिला दोघांनी धरून चढवावं लागलं असतं, हे शोरूममध्ये कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग फिटर चालवायला, त्याच्या शेजारी तात्या, मागं आई, बायको आणि मुलगी. एसी सुरू. खंडाळा मागं टाकून गाडी खंबाटकीला लागली. तेव्हा साताऱ्याकडं जाताना हा घाट चढावा लागे आणि परतताना बोगद्यातून यावं लागे, त्यामुळं दमाची खरी परीक्षा जातानाच होई. तात्यांनी रेडिओ बंद करायला लावला, काच खाली घेतली आणि डोळे मिटून ऐकत बसले. एका वळणावर पुढं भरलेला ट्रक रखडला. चढावर थांबून पुन्हा उचलावं लागलं. क्लच जळाल्याचा वास आला नाही, गाडी मागं घसरली नाही, दुसऱ्या गिअरवर कण्हत का होईना, चढली. खामजाईच्या देवळापाशी थांबून तात्यांनी बॉनेट उघडलं, पाइपांच्या जोडांवरून बोट फिरवलं. कोरडे होते.

तरीही पैसे लगेच दिले नाहीत. शिरवळच्या गॅरेजात पाचशे रुपये देऊन गाडी रॅम्पवर चढवली आणि खालून बघितली. मग कागद. परिवहनच्या अॅपवर नंबर टाकल्यावर आरसीवर एका बँकेचा बोजा दिसला. गुरुजी दचकले, त्यांचं कर्ज २०१९ मध्येच फिटलं होतं. अशी चूक फार घरांत असते. कर्ज फिटतं, पण बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म आरटीओत देऊन नोंद काढायची राहून जाते. फिटर म्हणाला, "गुरुजी, बोजा उतरला की राहिलेले पैसे देतो. विसार आज घ्या." गुरुजींनाही ते पटलं. पुढं २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदललं आणि चौदा दिवसांच्या आत विमाही नव्या नावावर करून घेतला. ही घाई विकणाऱ्याच्याही हिताची असते. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

सौदा झाला तीन लाख दहा हजारांना. साठवलेल्यातले दोन लाख दिले, एक लाख दहा हजार कामगारांच्या पतपेढीतून दोन वर्षांसाठी काढले. हप्ता ५,१२७ रुपये. तात्यांच्या कागदाच्या तळाशी या वेळी १०,३७३ उरले. आणि पंचवीस हजार रुपये गाडीसाठी म्हणून वेगळेच राहिले. त्यातले सतरा हजारांच्या आसपास पहिल्याच महिन्यात गेले: दोन टायर, बॅटरी, ऑइल, पुढचे ब्रेक पॅड. जुन्या गाडीचा हा खर्च किमतीतच धरायचा असतो. जो धरत नाही त्याला पहिल्या महिन्यात आपण फसलो असं वाटतं.

बायको त्याच गाडीवर शिकली. पहिल्या आठवड्यात तिनं दार फाटकाला घासलं. गुरुजींच्या ओरखड्याशेजारी आणखी एक ओरखडा पडला, आणि घरात त्यावरून कुणी आवाज चढवला नाही. नव्या कोऱ्या गाडीवर तोच ओरखडा पडला असता तर तिच्या हातात पुन्हा चावी आली असती की नाही, मला शंका आहे. २०२३ च्या ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, ती स्वतः गाडी चालवत सासूला आणि मुलीला घेऊन सावित्रीबाईंच्या जन्मगावी, नायगावला गेली. नवरा त्या दिवशी पाळीवर होता.

गाडी बंदही पडली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात साताऱ्याहून परतताना सुरूरपाशी बॅटरीचा लाल दिवा लागला आणि थोड्या वेळात इंजिन थांबलं. अल्टरनेटर गेला होता. रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं वाईला फोन केला, दोन तासांत भाग आला, पाच हजारांच्या आसपास बिल झालं. ते वेगळ्या ठेवलेल्या पैशांतून तिथल्या तिथं दिलं. फिटर तीनच्या पाळीला हजर होता.

२०२४ च्या मार्चपर्यंत पतपेढीचं कर्ज फिटलं. हप्त्याएवढ्याच रकमेची आवर्तक ठेव मुलीच्या नावानं सुरू झाली आहे. गाडीची नोंदणी २०३१ पर्यंत आहे.

या गाडीच्या खरेदीनंतर झालेले दोन बदल वाचकानं ध्यानात घ्यावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. नव्या लहान गाडीत आणि चांगल्या जुन्या गाडीत किमतीचं अंतर कमी झालं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या चाचणी-योजनेचे सुरक्षिततेचे तारेही आता बघायला मिळतात, आणि सुरक्षिततेत आजची गाडी दहा वर्षांपूर्वीच्या गाडीच्या पुढं आहे, हे मान्य करायला हवं. तेव्हा आज शिरवळात कुणी पहिली गाडी घ्यायला निघालं असेल तर त्यानं लहान नव्या गाडीचा भाव आधी काढावा, मग जुनीचा. दोन्ही आकडे घरातल्या सगळ्यांसमोर एकाच कागदावर मांडावेत, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दोन्ही गाड्यांत बसवून बघावं, आणि अर्जावर सही त्यानंतरच करावी.